धरणाच्या काठावरची बैठक

एका क्वार्टरमध्ये 180 मिलीलिटर दारू असते. देशी घ्या की इंग्लिश, महाराष्ट्रात बाटलीवर बहुतेक वेळा 42.8 टक्के हाच आकडा छापलेला दिसतो. म्हणजे एका क्वार्टरमध्ये साधारण 60 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल भरतं. माणसाचं यकृत तासाला सात ते दहा ग्रॅम अल्कोहोल जिरवतं, त्याहून फारसं जास्त नाही. दुपारी एकला संपवलेली क्वार्टर रात्री सात ते नऊपर्यंत अंगात राहते, ती या हिशेबाने. 650 मिलीलिटरच्या स्ट्राँग बिअरच्या बाटलीत 8 टक्क्यांनी 40 ग्रॅम निघतं, म्हणून ‘नुसती बिअरच घेतलीय’ या बोलण्यात फारसा दम नाही. पासष्ट किलोच्या माणसाने रिकाम्या पोटी पूर्ण क्वार्टर घेतली, तर त्याच्या दर शंभर मिलीलिटर रक्तात सव्वाशे मिलीग्रॅमच्या आसपास अल्कोहोल जाऊ शकतं. मोटार वाहन कायद्याने गाडी चालवणाऱ्याला 30 मिलीग्रॅमची मर्यादा घातली आहे. हे त्याच्या चौपट झालं.

यकृताचा हा वेग वाढवता येत नाही. लिंबू पिळून घ्या, ताक प्या, कोरा चहा प्या, काही फरक पडत नाही. आणि सगळ्यात घातक समजूत म्हणजे, गार पाण्यात एक बुडी मारली की उतरते. डोक्यावर गार पाणी पडलं की क्षणभर तरतरी येते, डोळे उघडतात, बोलणं जरा सरळ येतं. रक्तातलं अल्कोहोल मात्र होतं तेवढंच असतं. बीड जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो, दुपारी आंब्याखाली बैठक जमलेली असते आणि विहीर वीस पावलांवर असते. या समजुतीपायी किती घरांतली कर्ती माणसं गेली असतील, याचा विचार केला की जीव कासावीस होतो.

दारू आधी मेंदूच्या त्या भागावर बसते जो माणसाला ‘नको’ म्हणतो. एरवी बिंदुसरा धरणाच्या सांडव्यावरून चादर पडायला लागली की लांबूनच हात जोडणारा माणूस दोन पेगनंतर थेट सांडव्यावर चालायला निघतो. अंतर कमी वाटतं, पाणी उथळ वाटतं, आपला दम मोठा वाटतो. पलीकडचा काठ शुद्धीतल्या माणसाला दोनशे मीटर दिसतो, घेतलेल्याला पन्नास. निम्म्यात गेल्यावर हातपाय भरून येतात, तेव्हा मागे फिरायचंही तेवढंच अंतर उरलेलं असतं.

पुढचा धोका कानात असतो, आणि तो नीट समजून घेण्यासारखा आहे. आतल्या कानात तीन बारीक अर्धवर्तुळाकार नळ्या असतात, त्यांत द्रव भरलेला असतो. प्रत्येक नळीच्या मुळाशी जेलीसारखा एक मऊ पडदा असतो. एरवी या पडद्याची घनता आणि भोवतालच्या द्रवाची घनता सारखी असते, म्हणून डोकं हललं तरच पडदा वाकतो आणि मेंदूला कळतं की आपण वळलो. अल्कोहोल पाण्यापेक्षा हलकं. ते रक्तातून आधी पडद्यात शिरतं आणि द्रवात उशिरा पोचतं. मधल्या काळात पडदा हलका होऊन द्रवात तरंगू पाहतो, आणि माणूस स्थिर असतानाही मेंदूला ‘फिरतोय, फिरतोय’ असा निरोप देत राहतो. घेतलेला माणूस खाटेवर आडवा झाला की घर फिरायला लागतं, ते यामुळे. उतरताना उलटं घडतं. पडद्यातलं अल्कोहोल आधी निघून जातं, द्रवातलं मागे राहतं, आणि पहाटे पुन्हा चक्कर सुरू होते. रात्री घेतली आणि सकाळी पोहायला गेलो, असं सांगणाऱ्याला वाटतं की मधे झोप झाली म्हणजे हिशेब मिटला. कानाचा हिशेब मिटलेला नसतो.

जमिनीवर या चकव्यातून सावरायला डोळे असतात, तळपायाखालची जमीन असते, सांध्यांवर पडणारा शरीराचा भार असतो. पाण्याखाली यातलं काही उरत नाही. पावसाळ्यानंतर माजलगाव धरणाचं पाणी असं गढूळ असतं की पसरलेल्या हाताची बोटं दिसत नाहीत. पाणी अंगाचा भार उचलून धरतं, त्यामुळे खाली कुठे आणि वर कुठे हे पाय सांगू शकत नाहीत. फक्त कान उरतो, आणि तोच खोटं सांगत असतो. सूर मारून खाली गेलेला माणूस पूर्ण ताकदीने हात मारतो, पण तळाकडे. काठावरच्यांना वाटतं, हा चेष्टा करतोय, लांब जाऊन निघेल.

त्यात घशाचं काम मंदावतं. श्वासनलिकेत पाण्याचा थेंब गेला तरी शुद्धीतला माणूस जोरात खोकतो, घसा आपोआप मिटतो. दारूने ही राखण ढिली पडते. पोट भरलेलं असेल, मटण आणि चकणा झालेला असेल, तर पाण्याच्या दाबाने आणि चकरेने उलटी होते आणि ती छातीत उतरते. दारू कातडीखालच्या रक्तवाहिन्याही रुंदावते. अंग गरम वाटतं, पण आतली ऊब बाहेर निघून जात असते, आणि पाणी तर हवेपेक्षा सुमारे पंचवीसपट वेगाने उष्णता ओढतं. डिसेंबरच्या सकाळी थंड पाण्यात उतरलेल्या माणसाची बोटं आखडायला त्यामुळे वेळ लागत नाही.

आता आपल्या जिल्ह्यातलं पाणी कसं आहे ते पाहू. पोहण्यासाठी बांधलेलं, पायऱ्या आणि राखणदार असलेलं पाणी आपल्याकडे जवळपास नाही. आहेत त्या विहिरी, शेततळी, कालवे, बंधारे आणि धरणं.

विहीर उन्हाळ्यात दहा-दहा परस खाली जाते. गेल्या वर्षी जिथून उडी मारली, तिथून यंदा पाणी पंधरा फूट खाली असतं. मधे कपारीचा दगड बाहेर आलेला असतो. पाण्यात मोटारीचा पाइप, केबल, दोर आणि खाली फूट-व्हॉल्व्ह असतो. शुद्धीतला पोरगा उडी मारण्याआधी वाकून पाहतो आणि मोटार बंद आहे ना हे ओरडून विचारतो. घेतलेला माणूस पाहत नाही.

शेततळ्याची गोष्ट वेगळी आणि जास्त वाईट. 2016 साली ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली आणि बीड-जालन्याच्या शिवारात तळीच तळी झाली. सगळ्यात मोठा आकार तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद आणि तीन मीटर खोल. पाणी मुरू नये म्हणून अनेकांनी आत प्लास्टिकचं जाड अस्तर टाकलं. या अस्तरावर शेवाळ चढतं. पाण्यातून बाहेर यायला उतारावर हात टेकला की तो घसरतो, गुडघा टेकला की तोही घसरतो, धरायला गवताची काडी नसते. पट्टीचा पोहणारासुद्धा अशा तळ्यातून एकट्याने सहसा बाहेर पडू शकत नाही, तो फक्त तरंगत मदतीची वाट पाहू शकतो. घेतलेल्या माणसाला तरंगत शांत राहणं जमत नाही. तो पुन्हा पुन्हा चढायला बघतो आणि दम संपवतो. गाठी मारलेले दोर पक्के बांधून चारी बाजूंनी पाण्यापर्यंत सोडून ठेवायला फार खर्च येत नाही, आणि ज्या शेतकऱ्याने तळं खोदलं त्याने ते दोर सोडावेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

कालव्याचंही तसंच. पैठणचा उजवा कालवा गेवराईच्या बाजूने येऊन माजलगाव धरणाला मिळतो. कालव्याचं पाणी वरून संथ दिसतं, पण सिमेंटच्या गुळगुळीत तिरप्या भिंती आणि आतली ओढ माणसाला काठाला लागू देत नाही. धरणात गाळ असतो, बुडालेली झाडं असतात, मासेमारीची जाळी असतात. 2022 च्या सप्टेंबरमध्ये माजलगाव धरणात पोहायला उतरलेले एक डॉक्टर बुडाले आणि त्यांचा शोध घ्यायला कोल्हापूरहून आलेल्या पथकातल्या एका जवानाचाही तिथेच जीव गेला. या घटनेचा दारूशी काही संबंध नाही, हे आवर्जून सांगतो. सांगायचं ते एवढंच की हे पाणी शुद्धीतल्या, निरोगी आणि शिकलेल्या माणसालाही सोडत नाही. 2024 च्या मे महिन्यात तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात अकोले तालुक्यातल्या सुगावजवळ प्रवरेत बुडालेल्यांना शोधताना राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची बोट उलटली आणि तीन जवान गेले. बुडणाऱ्याच्या मागे आणखी कोणीतरी पाण्यात उतरतो. ज्याने घेतली त्याचा जीव एकट्याच्या जबाबदारीचा राहत नाही.

आणखी एक गोष्ट बीडच्या माणसाने मनावर घ्यायला हवी. आपला जिल्हा दुष्काळी. 1972 आजोबांना आठवतो, 2012 आणि 2015-16 पोरांना आठवतो. 2016 च्या एप्रिलमध्ये लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं, कारण लातूरची तहान भागवणारं केज तालुक्यातलं धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलं होतं. पाठीला भोपळा नाही तर हवाबंद डबा बांधून, मामाने विहिरीत ढकलून पोहायला शिकवण्याची रीत पाण्याअभावी त्या वर्षांत मोडली. तेव्हा आठ-दहा वर्षांची असलेली पोरं आज विशीत आहेत. पाऊस चांगला झाला की धरणं भरतात आणि ही पोरं मित्रांबरोबर धरणावर जातात. पोहायला कच्ची, पाण्याची भीड नाही, आणि सोबत बाटली. आधीच्या पिढीतल्या तात्यांनी चार घोट घेऊन विहीर पार केली असेलही, पण तात्यांचे हात सहा वर्षांच्या वयापासून पाण्यात होते. तरीही तात्या नशिबाने वाचले.

नावेबद्दल लोकांना वाटतं, चालवणारा शुद्धीत असला म्हणजे झालं. अमेरिकेत मेरीलँड आणि नॉर्थ कॅरोलायना या राज्यांत नौकाविहारात मेलेल्यांच्या रक्ताचा अभ्यास झाला, तो 2001 साली प्रसिद्ध झाला. शंभर मिलीलिटर रक्तात नुसतं 10 मिलीग्रॅम अल्कोहोल असलं तरी मरणाचा धोका वाढू लागतो आणि 250 मिलीग्रॅमला तो पन्नास पटींवर जातो, असं त्यात दिसलं. महत्त्वाचं हे की चालवणारा आणि बसलेला, दोघांचा धोका सारख्याच प्रमाणात वाढला, आणि नाव उभी असतानाही वाढला. कारण बहुतेक जण टकरीत मरत नाहीत, ते नावेतून पडतात. दारूने लघवी जास्त होते, माणूस काठाशी उभा राहतो, नाव डुलते आणि तोल जातो. धरणाच्या भिंतीवर आणि कठडा नसलेल्या विहिरीच्या कडेलाही हेच घडतं. ऊन, पाण्यावरची चकाकी, वारा आणि इंजिनाचा थरथराट यांनी शुद्धीतल्या माणसालाही तीन-चार तासांत गुंगी येते. त्यावर दारू पडली की थोडीही पुष्कळ होते.

आपल्याकडे स्पीडबोटी नाहीत. नदीपलीकडच्या वस्तीवर जायला थर्माकोलचे तराफे आहेत, ट्यूबवर फळ्या बांधलेले चप्पू आहेत, मच्छीमारांच्या लहान होड्या आहेत. त्यांवर जीवरक्षक जॅकेट जवळपास दिसत नाही. सोलापूरकडच्या उजनी धरणात 21 मे 2024 च्या संध्याकाळी कुगावहून कळाशीकडे निघालेली नाव वादळात उलटली. सात जणांतला एक जण पोहत काठाला लागला, बाकीचे सहा गेले. तिथे दारूचा प्रश्नच नव्हता, वारा पुरेसा होता. चप्पूवर घेतलेला एक माणूस उभा राहिला तर वाऱ्याचीही गरज पडत नाही, आणि सोबत शाळेला निघालेली पोरं असतात.

गणपती विसर्जनाला हाच धोका गर्दीने वाढतो. दिवसभर नाचून थकलेली, उपाशी, काहींनी घेतलेली पोरं जड मूर्तीसकट पाण्यात जातात. पाण्यात कोण उतरणार ती चार नावं मंडळाने सकाळीच ठरवावीत, त्या चौघांनी दिवसभर थेंबाला शिवू नये, बाकी सगळे काठावर. पोळ्याला बैल धुताना हाच नियम लावावा.

दारूखेरीज बाकीची नशाही आहे. होळीला आणि महाशिवरात्रीला भांग घेतात. तिचा अंमल हळूहळू चढतो, म्हणून ‘काहीच झालं नाही’ म्हणत माणूस पाण्यात जातो आणि मधोमध असताना ती चढते. झोपेच्या गोळ्या, ज्यांना मराठवाड्यात पोरं ‘बटन’ म्हणतात, आणि कोडीन असलेलं खोकल्याचं औषध श्वासच मंद करतात. दारूबरोबर घेतली तर श्वास थांबूही शकतो, पाणी तर पुढची गोष्ट. डॉक्टरांनी दिलेली काही औषधंही गुंगी आणतात, सर्दी-ॲलर्जीच्या काही गोळ्याही. फिट्स येणाऱ्या माणसाने तर एकट्याने पाण्यात जाऊच नये. आणि रोज भरपूर पिणाऱ्याने अचानक थांबवली, तर शेवटच्या घोटानंतर सहा ते अठ्ठेचाळीस तासांत त्याला फिट येऊ शकते. ‘आज तर घेतलेलीच नाही’ म्हणून तो विहिरीत उतरतो आणि पाण्यातच आकडी येते.

दसऱ्यानंतर आपल्या जिल्ह्यातली लाखो माणसं ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. त्यांच्या कोप्या नदीच्या, कालव्याच्या काठाला असतात. पहाटे तीन-चारला उठून उसाच्या मोळ्या वाहणाऱ्या माणसाच्या अंगदुखीला संध्याकाळी दारूशिवाय दुसरं औषध कोणी दिलेलं नाही. मग अंधारात, अनोळखी काठावर, अंग धुवायला तो कालव्यात उतरतो. त्याला दोष देऊन काही होणार नाही. कोपीजवळ पाण्याची टाकी आणि अंघोळीची जागा असेल तर तो कालव्याकडे फिरकणार नाही, आणि ही सोय कारखान्याने करायची असते.

अशा मृत्यूंची नोंद पोलिसांत ‘अकस्मात मृत्यू’ म्हणून होते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालात देशात वर्षाला पस्तीस हजारांहून अधिक माणसं बुडून मेल्याची नोंद असते. तिथे नाव उलटणं, पाण्यात पडणं आणि इतर असे रकाने आहेत, दारूचा रकाना नाही. प्रेत दोन दिवसांनी सापडलं तर कुजताना शरीरात आपोआपही थोडं अल्कोहोल तयार होतं, त्यामुळे व्हिसेराच्या तपासणीवरूनही ठाम सांगता येत नाही. घरचेही बोलत नाहीत, आणि त्याला कारण आहे. बीडच्याच नेत्याच्या नावाने चालणाऱ्या गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत बुडून गेलेल्या शेतकऱ्याच्या वारसाला दोन लाख रुपये मिळतात, पण नशेत झालेला अपघात तिच्यात बसत नाही. विधवेने तोंड मिटलं तर तिला नावं ठेवू नका. पण याचा परिणाम असा की गावाला कारण कधी कळत नाही, आणि पुढच्या उन्हाळ्यात त्याच विहिरीवर तशीच बैठक बसते.

बैठकीत अडवायचं कोणी? घेतलेल्याशी वाद घालून उपयोग होत नाही. “भ्यालास का?” एवढं ऐकवलं की अडवणारा गप्प बसतो. त्यापेक्षा क्रमच बदलावा. पोहणं सकाळी, सगळ्यात आधी. मग जेवण. बाटली काढायची तर पाण्यापासून उठून घरी आल्यावर. आणि कोणी उठलाच तर “दाजी, आधी दोन घास खाऊ, मग जाऊ” असं म्हणून बसवावं. बसलेला माणूस तासाभराने सहसा उठत नाही.

तरीही कोणी बुडू लागलाच, तर लक्षात ठेवा, बुडणारा ओरडत नाही. त्याचं तोंड पाण्याच्या रेषेवर वरखाली होत असतं, हात बाजूला पाणी दाबत असतात, आणि हे सगळं मिनिटभरात संपतं. ज्याने स्वतः घेतली आहे त्याने मागे उडी मारू नये. बैलाचा कासरा, साडी, एकमेकांना बांधलेले दोन-तीन गमछे, झाकण घट्ट लावलेला तेलाचा रिकामा कॅन, मोकळी घागर, ट्यूब, जे सापडेल ते फेका आणि स्वतः आडवे पडून ओढा, म्हणजे तो तुम्हाला आत ओढणार नाही. एकाने 108 ला फोन लावावा.

बाहेर काढल्यावर उलटं धरून गरगर फिरवणं आणि पोट दाबून पाणी काढणं लगेच थांबवा. त्यात वेळ जातो आणि पोटातलं अन्न छातीत उतरतं. श्वास चालत नसेल तर पाठीवर निजवा, हनुवटी वर उचला, नाक चिमटीत धरून तोंडाने आधी श्वास भरा, मग छातीच्या मधोमध जोरात तीस दाब आणि दोन श्वास, असं मदत येईपर्यंत चालू ठेवा. चार ते सहा मिनिटांत मेंदूला इजा सुरू होते, म्हणून ॲम्ब्युलन्सची वाट पाहत हात बांधून बसू नका. श्वास चालू असेल तर कुशीवर वळवा, कारण घेतलेला माणूस हमखास उलटी करतो. शुद्धीवर येऊन ‘मला काही झालं नाही’ म्हणाला तरी त्याला बीडच्या जिल्हा रुग्णालयात किंवा अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयात न्या. छातीत गेलेल्या पाण्याचा त्रास काही तासांनी वाढू शकतो, आणि दारूच्या ग्लानीत तो कोणाच्या ध्यानात येत नाही. तिथे डॉक्टरांना किती घेतली, कधी घेतली, सोबत कुठली गोळी घेतली हे खरं सांगा. गुंगी दारूची आहे की मेंदूला प्राणवायू कमी पडल्याची, हे त्यांना त्यावरूनच ठरवायचं असतं.